घड जिरला, की डोळ्यात ठरलाच नव्हता? द्राक्षबागेतल्या एका प्रश्नाचं सविस्तर उत्तर

प्रश्न निफाड तालुक्यातल्या एका बागायतदाराचा आहे. थॉमसन या बिनबियांच्या द्राक्षजातीची आठ वर्षांची बाग. माल एप्रिलअखेरपर्यंत वेलीवर राहिला, म्हणून खरड छाटणी, म्हणजे नवी काडी वाढवण्यासाठीची उन्हाळी छाटणी, ४ मेला झाली. गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, १ ऑक्टोबरला केली आणि त्यानंतर आठवडाभरातच सलग तीन दिवस पाऊस झाला. आज छाटणीला पंचवीस दिवस झालेत आणि निम्म्याहून जास्त फुटींवर घडाच्या जागी बाळ्या, म्हणजे वेल आधाराला गुंडाळतो ते ताणे, दिसताहेत. औषधाच्या दुकानातून ६-बीए आणि सीसीसी ही वाढीवर परिणाम करणारी दोन रसायनं एकत्र फवारायला सांगितलंय, म्हणजे घड बाहेर निघतील. फवारू का, आणि हे झालं कशामुळे, असं ते विचारतात.

भाऊ, आधी फवारणीचं सांगतो, कारण तुम्ही उद्याच पंप काढाल. फवारू नका. पंचविसाव्या दिवशी ज्या फुटीवर साफ बाळी दिसते, तिथे कुठल्याही संजीवकाने, म्हणजे वेलीची वाढ ठरवणाऱ्या द्रव्याने, घड येत नाही. ६-बीएचे पैसे वाया जातील आणि सीसीसीने त्याहून मोठं नुकसान होईल. सीसीसी म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराईड. ते वेलीत लवकर मोडत नाही आणि मण्यात त्याचे अंश राहतात. २०१० साली युरोपात गेलेल्या आपल्या द्राक्षांत हेच रसायन मर्यादेपेक्षा जास्त सापडलं होतं आणि त्या हंगामात निर्यातदारांचे आणि बागायतदारांचे काय हाल झाले, ते नाशिक जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. तुमची बाग निर्यातीला नोंदवलेली असो वा नसो, फळ धरल्यावर सीसीसीला हात लावू नका.

आता कारण. यासाठी काडीवरच्या डोळ्याच्या, म्हणजे नवी फूट जिथून निघते त्या कोंबाच्या, आत जावं लागेल.

काडीवरचा जो एक डोळा आपल्याला दिसतो, त्याच्या आत खरं तर तीन अंकुर असतात. मधला मुख्य आणि बाजूचे दोन दुय्यम. ऑक्टोबरात फुटतो तो मुख्य. तो मेला असेल तर दुय्यम फुटतो आणि थॉमसनमध्ये दुय्यम अंकुर बहुतेक वेळा वांझच निघतो. सप्टेंबरमध्ये काडी तपासायला घेतो तेव्हा धारदार ब्लेडने डोळ्यावरचे तपकिरी खवले एकेक करून काढावे लागतात. खाली करड्या-पांढऱ्या लवीचा दाट थर असतो, तो चिमट्याने हळूच बाजूला केला की हिरवट पोपटी रंगाचा अंकुर उघडा पडतो. सूक्ष्मदर्शकाखाली वीस-तीस पट मोठं करून पाहिलं की इवल्या पानांच्या समोर, कुशीला चिकटून, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा खडबडीत गोळा दिसतो. तो तुमचा घड. आकाराने मिलिमीटरचाही नसतो, पण त्याच्या मुख्य फांद्या, खांदा, सगळं ठरलेलं असतं. वांझ डोळ्यात त्याच जागी दोन गुळगुळीत बोटं दिसतात, किंवा काहीच नाही. आणि कधीकधी मधला अंकुर पूर्ण काळपट, वाळून गेलेला सापडतो. अती जोमाच्या, सावलीतल्या काड्यांमध्ये हे हमखास दिसतं.

घड आणि बाळी वेलीवर एकाच जागी येतात, पानाच्या समोर, हे तुम्ही रोज पाहता. याचं कारण दोन्हींचा जन्म एकाच गोळ्यातून होतो. खरड छाटणीनंतर नवी फूट वाढत असताना प्रत्येक पानाच्या बगलेत पुढच्या हंगामाचा डोळा तयार होत असतो आणि त्या डोळ्यात हा गोळा उगवतो. सुरुवातीला त्याचं काहीही ठरलेलं नसतं. पहिल्यांदा तो दोन भागांत दुभंगतो. तिथेच थांबला तर बाळी. पुन्हा पुन्हा फांद्या फुटत गेल्या तर घड. फांद्या फुटायच्या की नाही हे त्या वेळी त्या पेशींत कुठलं संजीवक किती आहे यावर ठरतं.

यात दोघांचा वाटा मोठा. जिबरेलिन, ज्याला आपण जीए म्हणतो, आणि सायटोकायनिन, ज्याच्या घराण्यातलं ६-बीए आहे. गोळा उगवण्यासाठी आधी जिबरेलिन लागतं. पण गोळा उगवल्यावर तेच जिबरेलिन जास्त राहिलं तर गोळा बाळीकडे जातो. सायटोकायनिन पेशींचं विभाजन वाढवतं, फांद्या फोडतं, आणि गोळा घडाकडे वळतो. म्हणून कुठलंही संजीवक ‘घडाचं’ किंवा ‘वाढीचं’ असं सरसकट नसतं. त्या पेशी कुठल्या टप्प्यावर आहेत त्यावर त्याचा अर्थ ठरतो. टॉनिक म्हणून कधीही मारायची ही वस्तू नाही, हे मी प्रत्येक गावात पोटतिडकीने सांगतो.

ही नुसती पुस्तकातली गोष्ट वाटू नये म्हणून दोन पुरावे सांगतो. १९७०च्या दशकाच्या अखेरीस सिडनीमध्ये श्रीनिवासन आणि मलिन्स या दोघा शास्त्रज्ञांनी द्राक्षाच्या कोवळ्या बाळ्या कापून काचेच्या भांड्यात वाढवल्या, त्यांना सायटोकायनिन दिलं, आणि त्या बाळ्यांचे फुलोरे झाले. दुसरा पुरावा फ्रान्समधल्या एका जुन्या जातीचा. शॅम्पेनसाठी पिनो म्युनिए नावाची काळी द्राक्षं लावतात, तिच्या पानांवर पांढरी लव असते. या वेलीचा फक्त बाहेरचा पेशीथर जनुकीय बदल झालेला असतो. ऑस्ट्रेलियातल्या बॉस आणि थॉमस यांनी नुसत्या त्या थरापासून रोपं वाढवली. ती बुटकी निघाली आणि जिथे जिथे बाळी यायची, तिथे तिथे घड आले. २००२ साली त्यांनी कारण दाखवलं. जिबरेलिनचा निरोप अडवून धरणारं डेला नावाचं एक प्रथिन असतं. जिबरेलिन आलं की एरवी ते प्रथिन मोडलं जातं आणि वाढ सुरू होते. या वेलीत त्या प्रथिनाच्या जनुकात एकच अक्षर बदललेलं होतं, त्यामुळे ते मोडत नव्हतं. जिबरेलिन भरपूर असूनही वेलीला ते ‘ऐकू’ येत नव्हतं, आणि प्रत्येक बाळीचा घड झाला. घड-बाळीचा निकाल जिबरेलिनच्या निरोपावर लागतो, याला यापेक्षा स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

आता तुमच्या तारखा या माहितीशेजारी ठेवा. आपल्याकडे सूक्ष्म घडनिर्मिती साधारण खरड छाटणीनंतर चाळीस ते साठ दिवसांत होते. एक एप्रिलला छाटलेल्या बागेत हा काळ मेच्या मध्यावर सुरू होतो, तेव्हा आभाळ निरभ्र असतं आणि ऊन थेट डोळ्यावर पडतं. तुमची छाटणी ४ मेची. चाळीस दिवस म्हणजे १३ जून. तिथून पुढचे तीन आठवडे ढगाळ हवा, दमटपणा, रिमझिम. उजेड कमी, फुटींची वाढ मात्र जोरात, आणि वाढता शेंडा हेच जिबरेलिन तयार होण्याचं मुख्य ठिकाण. त्यातच पावसाच्या पाण्याबरोबर जमिनीतलं नत्र लागू झालं की काडी आणखी धावते. म्हणजे नेमक्या निर्णयाच्या दिवसांत तुमच्या डोळ्यांमध्ये जिबरेलिन चढं आणि उजेड उतरलेला होता. तुमच्या बागेतल्या बाळ्यांपैकी बराचसा भाग जूनमध्येच ठरला असावा, असं माझं मत आहे. ऑक्टोबरात तो फक्त दिसला.

सबकेनला, म्हणजे शेंडा मारून बगलेतून काढलेल्या काडीला, इतकं महत्त्व यासाठीच आहे. सातव्या पानाच्या पुढे शेंडा मारला की जिबरेलिनचा स्रोत काही दिवस थांबतो, अन्नरस खालच्या डोळ्यांकडे वळतो आणि शेंडा मारल्या जागी पडलेल्या गाठीजवळचे डोळे सर्वांत फळदार निघतात. शेंडा मारायला आठवडा उशीर झाला, मजूर मिळाले नाहीत, काडी बारा-चौदा पानांवर गेली, तर तीच गाठ पुढे सरकते आणि मधले डोळे सावलीत वांझ राहतात. एप्रिलमध्ये सीसीसी मारण्याची पद्धत याच कारणाने पडली. ते वेलीत जिबरेलिन बनण्याच्या साखळीतली सुरुवातीची पायरीच अडवतं. काम करतं, यात वाद नाही. पण अंशांचा धोका पाहता निर्यातीच्या बागेत मी ते सुचवत नाही. शेंडा वेळेवर मारणं, फुटींची विरळणी, नत्र आणि पाणी आवरणं, यांनी तेच साधतं. जूनमध्ये ६-बीए १० पीपीएमने (दहा लाख भागांत दहा भाग) मारायचं ते या काळात, पंचेचाळीस दिवसांच्या आसपास, जेव्हा गोळा अजून दोन्हीकडे जाऊ शकतो. युरासिलही त्याच सुमाराला देतात. ते संजीवक नाही. पेशीतल्या आरएनएचा तो एक कच्चा माल आहे, त्यामुळे ६-बीएच्या ऐवजी युरासिल चालेल का, या प्रश्नाला माझं उत्तर नेहमी नाही असंच असतं.

आता ऑक्टोबरकडे येऊ, कारण उरलेला दोष तिथला आहे. डोळ्यात सूक्ष्म घड असला तरी त्यावर फुलं तयार झालेली नसतात. घडाच्या फांद्यांच्या टोकांवर एकेक फूल आकाराला येतं ते गोडी छाटणीनंतर, डोळा फुगतो, कापसतो (वरची लव दिसते), पोंगा होतो (गुंडाळलेल्या पानांचा कोंब निघतो), त्या दिवसांत. या काळात वेलीवर पान नसतं. सगळं काम काडी, ओलांडा (खोडाची आडवी फांदी), खोड आणि मुळांत साठवलेल्या पिष्टावर चालतं. कोवळं पान आपल्या पूर्ण आकाराच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं होईपर्यंत स्वतःच अन्न ओढतं. म्हणजे तीन-चार पानं होईपर्यंत शेंडा आणि घड यांच्यात त्याच साठ्यावरून ओढाताण असते, आणि शेंडा नेहमी जबर ठरतो.

त्यात तुमच्याकडे तीन दिवस पाऊस. पाणी साचलेल्या बोदात, म्हणजे वेलीच्या ओळीखालच्या मातीच्या उंचवट्यात, हवा राहत नाही. मुळ्या प्राणवायूशिवाय श्वसन करायला लागतात, मिळणारी ऊर्जा अगदी तुटपुंजी होते, अल्कोहोल तयार होतं आणि पांढऱ्या मुळ्या तांबूस होऊन मरतात. सायटोकायनिन तयार होण्याची मुख्य जागा म्हणजे याच पांढऱ्या मुळ्यांची टोकं. तिथून ते रसाबरोबर वर डोळ्यात येतं. मुळी मेली की ते थांबलं. दुसरीकडे दमट हवेत शेंड्यात जिबरेलिन वाढलं. शिवाय पाण्याखालच्या मुळीत इथिलीन या वायुरूप संजीवकाच्या आधीचा पदार्थ साचतो. प्राणवायू नसल्यामुळे त्याचं इथिलीन तिथे होऊ शकत नाही. तो वर चढतो आणि हवेशीर फुटीत पोचल्यावर त्याचं इथिलीन होतं. पाणी साचलेल्या बागेत पानं खाली लोंबतात, कडा पिवळ्या पडतात, त्यामागे हे असतं. अशा वेळी फुलं बनायची थांबतात, घड आखडतो, त्याची एक फांदी लांबट होऊन बाळीसारखी वळते. आपण म्हणतो घड जिरला.

तुमच्या बागेत कुठलं प्रमाण जास्त आहे ते तुम्हाला शिवारातच ओळखता येईल. पंधरा-वीस फुटी घ्या. जी बाळी बारीक, गुळगुळीत, दोनच बोटांची आहे, तिथे बहुधा घड जूनमध्येच ठरला नव्हता. जिच्या बुडाशी जाडसरपणा आहे, एका बोटावर मोहरीएवढ्या चार-सहा कळ्या विखुरल्या आहेत, तो घड होता आणि ऑक्टोबरात जिरला. फूट पहिल्यापासून बारीक, उशिरा निघालेली असेल तर मुख्य अंकुर मेलेला होता, हे समजा. बोदात कुदळीने एक फूट खोल उकरून पांढरी मुळी आहे का तेही बघा. आणि अर्ध्या घड-अर्ध्या बाळीच्या फुटी आहेत त्या आत्ताच काढू नका. त्यांच्यावर थोडा माल धरतो.

६-बीएचा उपयोग झाला असता तो पोंगा अवस्थेत, म्हणजे पावसानंतर लगेच, १० पीपीएमने. त्याबरोबर बोदातून चर काढून पाणी बाहेर, ठिबक बंद, आणि वाफसा येताच माती थोडी हलवून मुळीला हवा. आता ती वेळ गेली.

पेस्टिंगबद्दल, म्हणजे डोळे फुटावेत म्हणून छाटणीनंतर त्यांना रसायन लावण्याबद्दल, तुम्ही विचारलं नाही, तरी सांगायलाच हवं. हायड्रोजन सायनामाइड डोळ्यातलं कॅटालेज हे विकर काही काळ बंद पाडतं, त्यामुळे हायड्रोजन पेरॉक्साइड वाढतं आणि त्या धक्क्याने डोळे एकसारखे फुटतात. पण हेच रसायन माणसाच्या शरीरात दारू पचवणारं विकरही अडवतं. पेस्टिंग करणाऱ्या माणसाने त्या दिवशी किंवा पुढचे काही दिवस दारू घेतली तर चेहरा लाल होणं, छाती धडधडणं, रक्तदाब कोसळणं, इथवर प्रकार जातो. हातमोजे, चष्मा आणि ही सूचना, तिन्ही मजुरांना सांगणं ही आपली जबाबदारी आहे. हे गंमत म्हणून उडवून लावणारे लोक पाहिले की मला फार वाईट वाटतं.

आता या हंगामाचं. घड कमी आहेत म्हणजे वेलीचा जोर जास्त आणि तोच तुमचा पुढचा धोका आहे. जोमदार, दाट बागेत फुलोऱ्यात गळ होते आणि डाऊनी हा बुरशीचा रोग शिरतो. वांझ फुटी सगळ्या उपटू नका. दाटी होईल तेवढ्या काढा, बाकीच्यांना काही पानं ठेवून शेंडा मारा. त्या पानांचं अन्न शेजारच्या घडाला आणि खोडाच्या साठ्याला जाईल. घडाच्या फुटीला घडापुढे पंधराएक पानं राहू द्या. नत्र पूर्ण थांबवा.

राहिलेल्या घडांना जीए नेहमीच्याच मात्रेने द्या. घड कमी म्हणून मात्रा वाढवणारे असतात, त्याने देठ जाड आणि कडक होतो, मणी मात्र प्रमाणात वाढत नाही. ज्या जिबरेलिनने जूनमध्ये तुमचं नुकसान केलं, ते इथे उपयोगी का, असं वाटेल. थॉमसनमध्ये फलधारणा होते पण बी काही आठवड्यांतच खुरटतं. बियांच्या जातीत मणी फुगवणारं जिबरेलिन बी पुरवतं. इथे ते कमी पडतं, म्हणून आपण बाहेरून देतो. हे द्रव्य मिळालं तेही भाताच्या एका रोगामुळे. १९२६ साली तैवानमध्ये एइची कुरोसावा यांनी दाखवलं की रोपं उंच आणि किडकिडीत करणाऱ्या बुरशीचं नुसतं गाळलेलं द्रावणही निरोगी रोपांना तसंच वाढवतं. १९३५ मध्ये तेइजिरो याबुता यांनी त्या द्रव्याला बुरशीवरून जिबरेलिन नाव दिलं.

पोपटी अवस्थेत, म्हणजे घड कोवळा पोपटी रंगाचा असताना, १० पीपीएम म्हणजे शंभर लिटर पाण्यात एक ग्रॅम शुद्ध जीए. पुडीवर टक्केवारी बघून हिशोब करा. पुडी आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवा, ती थेट पाण्यात नीट विरघळत नाही. बोअरच्या पाण्याचा सामू (पीएच) बऱ्याच ठिकाणी आठच्या आसपास असतो आणि अशा पाण्यात जीए आतही कमी शिरतं आणि मोडतंही. सायट्रिक किंवा फॉस्फरिक आम्लाने सामू साडेपाच-सहावर आणा, मगच जीए टाका. लिटमसच्या स्वस्त पट्ट्या कामाच्या नाहीत, सामूमापक घ्या. कुठलंही रसायन घेण्याआधी मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची चालू हंगामाची अॅनेक्श्चर पाचची, म्हणजे द्राक्षांसाठी मान्य रसायनांची, यादी बघा. गेल्या वर्षीची चालत नाही.

पुढच्या एप्रिलची तयारी इथूनच सुरू होते. माल कमी असल्याने तुमची साखर लवकर भरेल, बाग लवकर मोकळी होईल. त्याचा फायदा घ्या. काढणीनंतर पंधरा-वीस दिवस वेलीला पाणी आणि थोडं खत देऊन विश्रांती द्या, पानं हिरवी ठेवा. छाटणीआधी काडीचा आडवा काप घेऊन त्यावर टिंक्चर आयोडीनचे दोन थेंब टाका. काप निळा-काळा झाला तर पिष्ट भरलंय. पिवळट तपकिरीच राहिला तर आणखी थांबा. मात्र छाटणी एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यापुढे जाऊ देऊ नका.

आणि गोडी छाटणीच्या आठ-दहा दिवस आधी काड्या तपासून घ्या. बागेतल्या जोमदार, मध्यम आणि कमजोर, तिन्ही भागांतून वेगवेगळ्या काड्या घ्या, प्रत्येक जुडीवर चिठ्ठी बांधा, सबकेनच्या गाठीच्या पुढचे तीन-चार डोळे काडीवर राहू द्या. काड्या ओल्या गोणपाटात गुंडाळून त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचवा. अहवालात कितव्या डोळ्यावर घड आहे ते येईल, त्या डोळ्याच्या पुढे कात्री लावा.